पंच हॅलोरनचा मुखवटा

मी एका पंचाच्या तोंडावरचा लोखंडी जाळीचा मुखवटा बोलतोय. बेसबॉलच्या मैदानावर चेंडू झेलणारा खेळाडू उकिडवा बसतो आणि त्याच्या पाठीशी वाकून पंच उभा राहतो. अशा एका पंचाच्या तोंडावर मी पाच उन्हाळे काढले. भरधाव येणारा चेंडू अडवायचा एवढंच माझं काम. पण चेंडूंनी मला जेवढं मारलं त्याहून जास्त माणसांनी मारलं. तंबाखूच्या पिचकाऱ्या, सडके टोमॅटो, दगड, खुर्च्यांचे पाय, बाटल्या, सगळं मी तोंडावर घेतलं आहे. आणि शेवटी मीही एका माणसाला मारलं. तेच सांगायला बसलो आहे.

माझा जन्म क्लीव्हलंडच्या एका छोट्या कारखान्यात झाला. जाड तार तापवून, वाकवून, सांधून माझा सांगाडा तयार केला. आगाथा नावाच्या एका बाईने माझ्या कडांना घोड्याचे केस भरलेलं चामडं शिवलं. शिवताना ती दोरा दातांनी तोडायची. मला उचलून तिने स्वतःच्या तोंडावर लावून पाहिलं आणि शेजारणीला म्हणाली, "बघ, आता नवऱ्याने हात उगारला तरी काळजी नाही." दोघी हसल्या. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं हसू.

मला विकत घेतलं एम्मेट हॅलोरनने. हा पूर्वी स्वतः झेलणारा होता. अकरा वर्षं चेंडू झेलून त्याच्या उजव्या हाताची बोटं झाडाच्या मुळ्यांसारखी वेडीवाकडी झाली होती. गुडघा गेला तेव्हा संघाने त्याला घरी पाठवलं आणि तो पंच झाला. कपडे झटकलेले, बूट चकचकीत, खिशात, बॅटवाल्याच्या पायाशी जमिनीत बसवलेली पांढरी पाटी झाडायचा छोटा कुंचला. बोलणं कमी. एकदा निवाडा दिला की संपलं. संघाचे कप्तान येऊन नाकाला नाक लावून ओरडायचे, त्याच्या पायाच्या बोटांवर खिळ्यांचे बूट मुद्दाम दाबायचे. हा म्हणायचा, "झालं तुझं? जा आता." संध्याकाळी मोजा काढला की तो रक्ताने चिकटलेला असायचा.

गावोगावच्या संघांच्या आमच्या त्या लहान साखळीत सामन्याला एकच पंच असायचा. चेंडू पाटीवरच्या मानीव चौकटीतून गेला की बाहेरून, हे त्यानेच पाहायचं, आणि तिकडे लांब पळणारा गडी बाद की नाबाद, हेही त्यानेच. एका माणसाला दोन डोळे. खेळाडूंना हे माहीत होतं. पंचाची पाठ वळली की एकजण पळणाऱ्याचा पट्टा धरून ठेवायचा, दुसरा क्रमाने शिवायच्या चार पाट्यांपैकी मधली गाळून आडवा पळायचा. पंचाला दिसायचं नाही, पण बाकड्यांवरच्या तीन हजार माणसांना दिसायचं. मग ती माणसं चवताळायची. मला त्यांचा राग येतो असं नाही. डोळ्यांसमोर चोरी होत असताना गप्प कोण बसेल?

सगळ्यात वाईट गाव वेलर्स लँडिंग. ओहायो नदीच्या काठी, काचेच्या भट्ट्यांचं. ऐन उन्हाळ्यात उष्म्यामुळे भट्ट्या बंद असायच्या, त्यामुळे गावातले सगळे काच फुंकणारे दुपारी मैदानावर. छातीचे भाते मोठे, आवाज त्याहून मोठे. आणि त्यांत सगळ्यात मोठा आवाज ऑगस्ट रेम्पफरचा. सगळे त्याला गस म्हणायचे. तो पाटीच्या बरोबर मागे, पहिल्या रांगेत, लोखंडी कठड्याला पोट टेकवून बसायचा. आमच्या आणि त्याच्या मध्ये वीस पावलं.

"अरे ए हॅलोरन! आज तरी डोळे घरून आणलेस का, की बायकोने धुवायला टाकलेत?"

बाकडी खदखदायची. हॅलोरन पाटी झाडायचा, प्रेक्षकांकडे पाठ करून.

"पाठ काय दाखवतोस? तुझ्या पाठीला तुझ्या तोंडापेक्षा जास्त दिसतं, तिलाच निवाडा द्यायला सांग!"

गसला खेळ कळायचा, हे मला कबूल केलंच पाहिजे. तो उगाच ओरडणारा नव्हता. त्याच्या गावाच्या संघाने चूक केली तर त्यालाही तो सोडायचा नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात ती गोष्ट घडली. बॅटची कड घेऊन एक चेंडू सरळ माझ्यावर आला. असे शेकडो आले होते. पण हा डाव्या बाजूला, सांध्यावर बसला. माझी तार आत वाकली आणि हॅलोरनच्या डाव्या भुवईत घुसली. माझ्या चामड्यात त्याचं रक्त भरलं. त्याने रुमाल बांधला आणि सामना पूर्ण केला. लोहाराने दुसऱ्या दिवशी माझी तार सरळ केली. हॅलोरनचा डोळा मात्र कोणी सरळ केला नाही.

डॉक्टरने सांगितलं, हळूहळू अंधारत जाईल. वर्षभरात तसंच झालं. बाहेरून डोळा शाबूत, निळा, सुंदर. आतून भिंत. हे तीन जणांना ठाऊक होतं: तो, त्याची बायको नोरा आणि मी. माझ्या आडून तो मान किंचित डावीकडे वळवून उजव्या डोळ्याने पाहायचा. तरी डाव्या कोपऱ्यातून जाणारा चेंडू त्याला शेवटच्या क्षणी दिसायचा, कधी दिसायचाच नाही. मग तो अंदाजाने हात वर करायचा.

नोरा माझ्यावरच्या पिचकाऱ्या ओल्या फडक्याने पुसायची. पुसता पुसता एकदा म्हणाली, "सांगून टाक ना त्यांना, एम्मेट. एका डोळ्याने कशाला मार खातोस?"

"सांगतो. आणि मग काय करू? या बोटांनी काच फुंकू?"

"काहीतरी करू. मी कपडे धुईन लोकांचे."

"मी पंच आहे, नोरा. दुसरं काही मला येत नाही."

"पंच आहेस म्हणूनच सांग." ती एवढंच बोलली. त्याने मला तिच्या हातातून घेतलं आणि खुंटीला अडकवलं.

पुढच्या दोन उन्हाळ्यांत त्याने किती चुका केल्या ते मी मोजलं नाही. स्टोनफर्ड गावात एका बाईने टोपीची लांब पिन त्याच्या दंडात खुपसली. मेंडन गावात लोकांनी त्याला स्टेशनपर्यंत दगड मारत नेलं; डब्याची काच फुटली आणि नोराने बांधून दिलेल्या पावात काचा गेल्या. पण गस रेम्पफरनेच नेमकं हेरलं.

"डावीकडे बघ की रे! डावीकडे काय भिंत बांधलीय का?" तो ओरडायचा. "उजवीकडचा चेंडू बरोबर सांगतोस आणि डावीकडचा चुकवतोस! कोण शिकवतं तुला? स्टोनफर्डवाले?"

त्याने साखळीच्या अध्यक्षांना तीन पत्रं लिहिली. कोणत्या दिवशी, कितव्या डावात, कोणता निवाडा चुकला, सगळं नीट लिहून. उत्तर आलं नाही. चौथ्या वेळी तो स्वतः कचेरीत गेला, तर कारकुनाने सांगितलं, "तिकीट खेळ बघायचं मिळतं, पंच निवडायचं नाही." हे तो भर मैदानात सगळ्यांना ओरडून सांगायचा. ओरडताना त्याचा चेहरा भट्टीसमोर उभा असल्यासारखा लाल व्हायचा. माणूस बरोबर असतो आणि कोणी ऐकत नाही, तेव्हा त्याचं काय होतं ते मी जाळीतून रोज बघत होतो.

मग तो सप्टेंबरचा शनिवार आला. वेलर्स लँडिंग आणि स्टोनफर्ड, हंगामातला शेवटचा सामना. जिंकेल त्याला विजेतेपद. बाकडी कधीच भरली होती. लोक कुंपणावर, छपरांवर, एकजण तर चर्चच्या घंटेच्या मनोऱ्यात बसला होता. त्या दुपारी हॅलोरनने दोन चुका केल्या, दोन्ही डाव्या बाजूच्या, दोन्ही वेलर्स लँडिंगच्या विरुद्ध. दुसऱ्या चुकीनंतर पहिली बाटली आली. माझ्या कपाळावर फुटली. हॅलोरनने काचा झटकल्या आणि बोट पुढे करून म्हणाला, "खेळा."

शेवटचा डाव. वेलर्स लँडिंग एका धावेने मागे, दोन गडी बाद; तिसरा बाद झाला की खेळ संपला. दुसऱ्या पाटीवर डेव्ही प्रॉसर नावाचा चपळ पोरगा. फटका बसला, चेंडू लांब गेला, प्रॉसर सुटला. तिसरी पाटी ओलांडून तो घरच्या पाटीकडे, म्हणजे आमच्याकडे, येऊ लागला. तिकडून चेंडू परत आला. हॅलोरनने मला तोंडावरून ओरबाडून काढलं आणि नेहमीच्या उलट बाजूला धावला. का, ते मला ठाऊक होतं. सगळा प्रकार उजव्या डोळ्यासमोर यावा म्हणून. प्रॉसर घसरत आला, झेलणारा त्याच्यावर पडला, धूळ उडाली. मी हॅलोरनच्या डाव्या हातात खाली तोंड करून लोंबत होतो. मला धुळीखेरीज काही दिसलं नाही.

हॅलोरनचा आवाज आला, "बाद!"

प्रॉसर धुळीत पडून धापा टाकत होता. आणि मग मैदान फुटलं.

बाटल्या आल्या. एक नाही, दहा नाही. त्याच गावच्या भट्टीतल्या, त्याच माणसांनी फुंकलेल्या. बसायच्या उशा, फळ्या, कोणाचा तरी बूट. एक बाटली हॅलोरनच्या कानामागे लागली आणि तो गुडघ्यावर आला. दोन पोलिस होते, ते फाटकाकडे पळाले. लोकांनी कठड्यावरून उड्या मारल्या आणि सगळ्यांच्या पुढे गस रेम्पफर होता.

"घे! आता बघ! बघ आता!" तो एवढंच ओरडत होता.

त्याने हॅलोरनची कॉलर धरली. हॅलोरनच्या हातात मी होतो. गसने मला हिसकावलं. माझ्या कडांवर त्याची घामेजलेली बोटं आवळली, आणि त्याने मला हवेत उचललं. मी काय करू शकत होतो? मला हात नाहीत, मी फक्त लोखंड. पहिला फटका हॅलोरनच्या डाव्या गालावर बसला. लगेच हात उलटा फिरला आणि दुसरा उजवीकडून. लोहाराने सरळ केलेला माझा तो जुना सांधा तेवढ्यात निखळला होता. ती तार उजव्या डोळ्यात गेली. ज्या चेहऱ्यासाठी मला घडवलं होतं, त्याच चेहऱ्यात मी रुतलो.

तिसरा फटका बसला नाही. गस मला धरून तसाच उभा राहिला.  मागून आलेल्यांनी त्याला ढकलून हॅलोरनला लाथा घालायला सुरुवात केली. एकाने फळी आणली. तेव्हा गस हॅलोरनवर आडवा पडला. "बस्स! बस्स करा रे! त्याला दिसत नाही! त्याला खरंच दिसत नाही!" त्याच्या पाठीवर फळी बसली, खांद्याचं हाड मोडलं. लोकांना वाटलं, हाच मारतोय आणि ओरडतोय. शेवटी प्रॉसर आणि स्टोनफर्डचे चार खेळाडू बॅटी घेऊन धावत आले, तेव्हा गर्दी हटली. जमिनीवर दात पडले होते, तीन. ते कोणाचे, हे कोणी विचारलं नाही.

न्यायालयात मला टेबलावर ठेवलं होतं. माझ्या तारेवरचं रक्त वाळून काळं झालं होतं. गस हात गळ्यात बांधून उभा होता. वकिलाने विचारलं, "दोन फटक्यांनंतर थांबलास का?"

"पहिला डावीकडून गेला," गस म्हणाला. "मी हात उगारला, हात तोंडाशी आला, तरी त्याने पापणी हलवली नाही. माणूस पापणी तरी मिटतो ना, साहेब? तेव्हा मला कळलं. दोन वर्षं मला वाटत होतं हा मुद्दाम करतोय. पण कळलं तोवर हात परत फिरला होता."

मग हॅलोरनला उभं केलं. नोराने त्याला कोपराला धरून आणलं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी. तो म्हणाला, "मी एकही निवाडा विकला नाही. पण तीन हंगाम मला डाव्या डोळ्याने दिसत नव्हतं आणि मी ते लपवलं. हे लोक तिकीट काढून येत होते. त्यांना माझ्याकडून दोन डोळे मिळायला हवे होते."

मागच्या बाकावरून कोणी तरी ओरडलं, "बघा! आम्ही सांगत नव्हतो?" न्यायाधीशाने त्याला बाहेर काढलं. गसला दीड वर्षं तुरुंगवास झाला. पुढच्या उन्हाळ्यापासून साखळीने प्रत्येक सामन्याला दोन पंच पाठवायला सुरुवात केली. अध्यक्षांनी त्याचं कारण 'खेळाची प्रगती' असं दिलं.

मला नोराच्या ताब्यात दिलं. तिने मला चुलीत टाकलं. चामडं जळालं, घोड्याचे केस जळाले, घरभर वास सुटला. लोखंड तसंच राहिलं. तिने चिमट्याने मला बाहेर काढलं आणि परसातल्या भिंतीशी टाकून दिलं. दोन हिवाळे मी बर्फात होतो. गंज चढला. आतून मला नोराचा कपडे घासण्याचा आवाज यायचा. ती खरोखरच लोकांचे कपडे धूत होती. हॅलोरन दारातल्या खुर्चीत बसायचा. 

तुरुंगातून सुटल्यावर गस सरळ हॅलोरनच्या घरी आला. ती मार्चमधली सकाळ होती, परसात कपडे वाळत होते. त्याची छाती बसली होती, केस पांढरे झाले होते. नोराने त्याला पाहिलं आणि पिळायला घेतलेली चादर तशीच हातात धरून उभी राहिली.

"मिसेस हॅलोरन, मी रेम्पफर."

"ठाऊक आहे कोण तू. चालता हो."

"कोण आहे, नोरा?" दारातून हॅलोरनने विचारलं.

 गसच बोलला, "मी आहे. गस."

हॅलोरनची वेडीवाकडी बोटं खुर्चीच्या हातावर घट्ट झाली.  मग तो म्हणाला, "तू पाटीमागेच बसायचास. तुला दिसलं असेल. तो शेवटचा पोरगा, प्रॉसर. पोचला होता का?"

गसने टोपी काढली. "तेच सांगायला आलोय. बाद होता."

"काय?"

"बाद होता तो. त्याची टाच वर उचललेली होती, पाटीवरून हवेतच गेली. चेंडू त्याच्या पोटरीला टेकला, आणि मग टाच खाली आली. मला स्वच्छ दिसलं. तू 'बाद' म्हणायच्या आधी मीच मनात म्हटलं होतं, बाद."

नोराच्या हातातल्या चादरीतून पाणी ठिबकत होतं. ती पुढे आली. "खरं बोलतोयस, की त्याला बरं वाटावं म्हणून?"

"बरं वाटावं म्हणून बोलायचं असतं, बाई, तर माझ्याच तोंडाला काळं फासणारं कशाला बोललो असतो? न्यायालयात हे बोललो नाही. भ्यालो. निवाडा बरोबर आहे हे ठाऊक असून मी कठड्यावरून उडी मारली. आधीचे सगळे निवाडे डोक्यात होते. ती पत्रं होती, तो कारकून होता. मला मारायचंच होतं त्या दिवशी. निवाडा काय दिला याच्याशी काही संबंध नव्हता."

नोराने ती ओली चादर पिळा घालून त्याच्या तोंडावर हाणली. एकदा, दोनदा, पाच वेळा. गसने हात वर केला नाही. त्याच्या ओठातून रक्त आलं. हॅलोरन खुर्चीतून उठला होता, भिंत चाचपत होता, आणि त्याचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा झाला होता.

"नोरा," तो म्हणाला, "थांब. ऐकलंस ना? शेवटचा बरोबर होता. मला तसाच दिसला होता." आणि तो रडायला लागला, मोठ्याने, एखाद्या पोरासारखा.

नोरा धापा टाकत उभी राहिली. मग भिंतीशी वाकून तिने मला कुजलेल्या पानांतून उचललं आणि गसच्या छातीवर आपटलं.

"हा घेऊन जा. घरात जेवायच्या टेबलासमोर टांग. आणि कोणी विचारलं हे काय आहे, तर आत्ता बोललास ते सगळं सांगायचं. दर वेळी. एक शब्द गाळायचा नाही."

तेव्हापासून मी रेम्पफरच्या घरी आहे. त्याच्या टेबलासमोर, खिळ्याला. चामडं जळालेलं, एक तार निखळलेली. तो जेवायला बसतो तेव्हा मी समोर असतो. कोणी आलं आणि विचारलं की तो सांगतो, सगळं सांगतो. काही माणसं मध्येच उठून जातात. त्याच्याबरोबर त्या दिवशी उडी मारलेले दोन मित्र आता येत नाहीत. त्याच्या मुलीने विचारलं त्या दिवशी त्याने तिलाही सांगितलं. ती आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही.

खिडकीखालून लोक मैदानाकडे जातात. "पंच कोण आहे रे आज?" असं विचारत, हसत, आधीच चिडत. जा बाबांनो. खुशाल ओरडा. पंच चुकतो, माझा मालकही चुकायचा, मी जाळीआडून पाहिलं आहे. त्याला जाब विचारा, वरच्यांना लिहा, उत्तर येईपर्यंत लिहीत राहा. पण बाटली हातात असेल तर ती खाली ठेवून उठा. ती एकदा सुटली की तिला थांबवता येत नाही, आणि ती कोणाच्या कोणत्या चुकीसाठी सुटली हे तुम्हालाही पुढे सांगता येणार नाही.

माझी तार आता गंजून पातळ होत चालली आहे. एखाद्या हिवाळ्यात मी खिळ्यावरून गळून पडेन. तोवर मी इथे आहे. दारावर थाप पडली की गस आधी माझ्याकडे बघतो, आणि मग उठतो.